सांगली-मिरजेच्या भाषा: पाट्या वाचाव्यात की माणसांना विचारावं?
गावात कोणकोणत्या भाषा चालतात हे शोधायचं, तर दुकानांच्या पाट्यांची पाहणी स्वस्त पडते. एक रस्ता धरायचा, दोन्ही बाजूंच्या झाडून सगळ्या पाट्यांचे फोटो काढायचे. लिपी आणि भाषेचे रकाने मात्र वेगळे ठेवा. ‘मोबाइल शॉपी’ची लिपी देवनागरी, शब्द इंग्रजी. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शिवाय मराठी पाटी कायद्याने सक्तीची, त्यामुळे मिरजेत दुकानाच्या गल्ल्यावर चालणारी कानडी किंवा दखनी (दक्षिणेकडची उर्दू बोली) पाटीवर दिसेलच असं नाही.

घरोघरची प्रश्नावली वेळखाऊ, पण आमचा कल तिकडेच. नुसतं ‘मातृभाषा कोणती?’ विचारू नका, एका शब्दात बोळवण होते. २०११च्या जनगणनेतही मातृभाषेखेरीज दोनच भाषा नोंदवता येत होत्या. आजीशी कोणती, हळदीच्या सौद्यात कोणती, हिशेब पुटपुटताना कोणती, असं विचारा. आणि भांडताना!