थंब रेस्ट, पिकअप की रॅम्प? बेसवर उजवा हात टेकवायचा कुठं

भावा, बेस गिटारला थंब रेस्ट (अंगठा टेकवायचा तुकडा) बसवायला भोकं पाडायच्या आधी एवढं वाच. कोल्हापुरात गणपतीत मंडळासमोर दोन-तीन तास सलग वाजवायचं असेल तर अंगठ्याला टेकू लागतोच, नाहीतर मनगट भरून येतंय आणि सूर आपोआप ढिला पडतो.

आधी जुन्या बेसवर हात टेकवायला जी पट्टी असायची तिचं. 1951 ला फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस आला त्यावर ती पट्टी सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तारेच्या खालच्या बाजूला होती, कारण तेव्हा लोकांनी अंगठ्यानं वाजवावं आणि बाकीची बोटं त्या पट्टीला अडकवावीत अशी कल्पना होती. पण बहुतेक जण दोन बोटांनीच वाजवायला लागले, मग 1970 च्या दशकात फेंडरनं पट्टी वर जाड ‘ई’ (E) तारेच्या बाजूला नेली आणि ती अंगठ्यासाठी झाली. म्हणजे अंगठ्यानं मऊ, दबका आवाज काढणार असशील तरच खालची पट्टी घे, नाहीतर तिचा काय उपयोग नाही.

आता खरा सामना पिकअप आणि थंब रेस्टचा. पिकअप म्हणजे तारांचा आवाज उचलणारा तारांखालचा ठोकळा, त्यावर अंगठा टेकवणं फुकट आहे, फेंडरच्याच जॅझ बेसवर तर दोन पिकअप म्हणून दोन जागा मिळतात, ब्रिजजवळ (तारा अडकवतात तिथं) आवाज टणक आणि नेककडं (दांड्याकडं) जाड. प्रिसिजनवर मात्र पिकअप एकच, त्यामुळं नेककडं सरकून वाजवायचं असेल तर थंब रेस्ट कामाला येतो. पण तो एका जागी पक्का असतो, खालच्या ‘डी’ आणि ‘जी’ तारेवर गेलास की हात ताणतो आणि वर ई तार मोकळी घुमत राहते, पाच तारांच्या बेसवर तर ई च्या वरची जाड ‘बी’ तार सगळ्या गाण्यात गुरगुरते. म्हणून माझं स्पष्ट मत, पाच तारा असतील तर रेस्टच्या नादाला लागू नको, अंगठा तारांवरनं सरकवत न्यायची सवय लाव, वरच्या तारा आपोआप गप्प बसतात.

रॅम्प हे वेगळंच प्रकरण, बेसवादक गॅरी विलिसमुळं गाजलेलं. दोन पिकअपच्या मधे लाकडी फळी, बोटं तारेखाली खोल जात नाहीत, हलक्या हातानं वेगात वाजवणाऱ्याला भारीच. जोरात ओढून वाजवणाऱ्याला नको. फळीला फिंगरबोर्डसारखा (दांड्यावर बोटं दाबतो त्या पट्टीसारखा) बाक पाहिजे, सपाट असली तर कडेच्या तारांखाली अंतर वेगळं पडतंय.

चार ताराच असतील आणि रेस्ट पाहिजेच असेल तर सुताराकडनं सागवानाचा बोटभर तुकडा घासून घे, डबल टेपनं चिकटव आणि आठवडाभर जागा बदलून बघ. स्क्रू त्यानंतर.