असरची वाचन-गणित चाचणी : वडोदऱ्याच्या पालिका शाळांत कितपत कामाची?

किंमत शून्य. वाचनाचं एक पान, गणिताचं एक पान, आणि तिसरी-चौथीतलं पोर नेमकं कुठे अडलंय ते दहा-बारा मिनिटांत कळतं. 'प्रथम' ही स्वयंसेवी संस्था २००५ पासून खेड्यांत घरोघरी जाऊन 'असर' सर्वेक्षण करते, त्यातलीच ही चाचणी. शहरातल्या शाळेतही चालते. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांत मिळते.

वाचनाच्या पानावर चार पायऱ्या आहेत : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात अक्षरांपासून करायची नाही, परिच्छेदापासून करायची. सलग वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका नसल्या, तर गोष्ट द्यायची. शब्दागणिक थांबत असेल तर शब्दांवर यायचं. पाच शब्द मुलानेच निवडायचे. चार बरोबर आले तर परत परिच्छेद, तिथे पुन्हा अडलं तर पातळी 'शब्द'. पाचातले चार शब्द आले नाहीत तर अक्षरं, तिथेही पाचातली चार. पेपर नाही, मार्क नाहीत. एका वेळी एकच मूल.

बिघडतं ते इथेच. वेळ वाचवायला बाकीची पोरं मागे रांगेत उभी केली, की चौथ्या मुलापर्यंत परिच्छेद सगळ्यांना तोंडपाठ. म्हणून पानाचे नमुने बदलत राहा आणि टेबल वर्गाबाहेर, व्हरांड्यात मांडा. दुसरी अडचण बाईंच्या मायेची : मूल थांबलं की त्यांचे ओठ हलतात. ज्या वर्गाला त्या शिकवतात, त्याची चाचणी दुसऱ्या बाईंनी घेतलेली बरी.

प्रिंट काढताना पीडीएफच द्या. दुसऱ्या फाइलमध्ये फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात आणि चूक मुलाच्या नावावर जाते. झेरॉक्सवाला पान लहान करून छापतो, तेही होऊ देऊ नका. लॅमिनेशन करून घ्या, नाहीतर आठवड्याभरात कोपरे गेलेच म्हणून समजा.

वडोदऱ्यात आणखी एक पेच आहे. घरी मराठी आणि निशाळ (शाळा) गुजराती, अशी पोरं पुष्कळ. त्यांना मराठी पान दिलंत तर ग, म, प, न ओळखतील आणि ख, ज, झ वर अडतील. ती लिपीची अडचण आहे, वाचनाची नाही. शाळेचं माध्यम तेच पान द्या. संख्या मात्र कुठल्याही भाषेत सांगू द्या : २९ ला 'एकोणतीस' म्हणो की 'ओगणत्रीस', दोन्ही बरोबर.

गणितात सुरुवात वजाबाकीपासून. पान खरं बोलकं होतं ते इथे. ४१ वजा १३ चं उत्तर ३२ आलं, तर मुलाने तीनातून एक काढलाय. लहान अंक वर आला की उलटी वजाबाकी, ही वर्गावर्गात दिसणारी चूक. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या आणि एक गठ्ठा सोडायला लावा, फळ्यावरच्या उसनवारीपेक्षा लवकर समजतं. भागाकारात ६१५ भागिले ६ चं उत्तर १२, बाकी ३ आलं, तर मधलं शून्य खाल्लंय, हवे १०२. म्हणून उत्तराबरोबर कच्चं कामही जपून ठेवा. नुसत्या 'येत नाही' या शेऱ्यावरून पुढे काय शिकवायचं ते कळत नाही.

उणिवा आहेतच. वाचनात दुसरीच्या पुढचं ही चाचणी काहीच सांगत नाही. गोष्ट घडाघडा वाचली म्हणजे समजली असंही नाही, दोन प्रश्न तोंडी विचारून घ्यावेत.

दोष द्यायचा तो मात्र पानाला नाही, पुढे जे होत नाही त्याला. पातळ्या वहीत लिहिल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी तिसरी तिसरीत, चौथी चौथीत, धडा पाचवा. खरं तर याच शहरातल्या पालिका शाळांत 'प्रथम'चा बालसखी उपक्रम झाला होता : मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गाबाहेर, त्यांच्या पातळीचं शिकवायला गल्लीतलीच एखादी ताई. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईबरोबर इथे मोजला आणि २००७ मध्ये छापला. मुलांचे गुण वाढले. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे.

तेव्हा आधी वेळापत्रक बघा. तिसरी, चौथी, पाचवीचा भाषेचा तास एकाच वेळी असेल, तरच पोरं इयत्ता सोडून पातळीप्रमाणे बसवता येतात. मुख्याध्यापक तो तास हलवायला तयार नसतील, तर लॅमिनेशनचे पैसे वाचवा.