कासवाच्या पिल्लाच्या आंघोळीला भांडी धुवायचा साधा टब

अमेरिकेत सल्काटा या जमिनीवर राहणाऱ्या आफ्रिकी कासवाचं पिल्लू पाळणाऱ्यांना पाळीव प्राण्यांच्या दुकानात आंघोळीसाठी म्हणून खडकासारखी दिसणारी, उतरत्या काठाची उथळ भांडी दाखवतात. ती या कामाची नाहीत. घरगुती सामानाच्या कुठल्याही दुकानात पाच डॉलरच्या आसपास मिळणारा, भांडी धुवायचा आयताकृती प्लास्टिक टब त्याहून कितीतरी चांगला. लांबी-रुंदी साधारण ३५ बाय ३० सेंटिमीटर, उंची १४ सेंटिमीटर, आणि रंग आरपार न दिसणारा.

हा रंगाचा मुद्दा किरकोळ समजू नका. बूट ठेवायच्या पारदर्शक खोक्यात पिल्लू ठेवलं की ते समोरच्या भिंतीवर नाक घासत राहतं, कारण भिंत आहे हेच त्याला कळत नाही. मग कोपऱ्यात चढायला बघतं आणि उताणं पडतं. दोन सेंटिमीटर पाण्यातही उताणं पडलेलं पिल्लू बुडू शकतं. भिंत अपारदर्शक असली तर ते कडेकडेने चालतं, थांबतं, मान खाली घालून पाणी पितं. तरीही टबाजवळून हलू नये, दोन पिल्लं एकत्र असतील तर मुळीच नाही. ती एकमेकांवर चढतात.

सल्काटा हा सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातला प्राणी. त्यामुळे त्याला कोरडंच ठेवायचं असा समज अनेक वर्षं पक्का होता आणि त्यापायी पुष्कळ पिल्लांची कवचं ओबडधोबड झाली. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००३ मध्ये सल्काटाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. कवचावर उंचवटे येण्यात कोरड्या हवेचा वाटा मोठा आणि आहारातल्या प्रथिनांचा अगदी थोडा, असं त्यात दिसलं. आंघोळीने घरट्यातल्या, म्हणजे पिल्लू ठेवायच्या जागेतल्या, दमट हवेची भरपाई होत नाही, तिची सोय वेगळी करावी लागते. आंघोळ मुख्यतः पाणी पोटात जाण्यासाठी आणि मूत्राशय मोकळं होण्यासाठी.

पाणी २९ ते ३३ अंश सेल्सिअस हवं. हाताच्या अंदाजावर विसंबू नका, तान्ह्या बाळाच्या आंघोळीला वापरतात तो थर्मामीटर घ्या. खोली इतकीच ठेवा की पाणी वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत येईल आणि पिल्लाची हनुवटी सहज वर राहील. पाच सेंटिमीटरच्या पिल्लाला या टबात सव्वा ते दीड लिटर पुरतं. इथे टबाचा एक दोष सांगायलाच हवा: बऱ्याच टबांचा तळ मधोमध थोडा फुगीर असतो. मध्यभागी पाणी बरोबर दिसतं आणि कडेला मात्र जास्त खोल होतं. पिल्लू फिरणार कडेनेच, म्हणून खोली कडेलाच मोजा. विकत घेताना टब उलटा करून तळ बघा, सपाट मिळाला तर तोच घ्या.

दुसरा दोष गुळगुळीत तळाचा. पाय घसरून बाजूला फाकतात आणि चालण्याचा व्यायाम होतच नाही. कपाटाच्या फळीवर अंथरायचा जाळीदार रबरी कागद तळाच्या मापाने कापून घाला. टॉवेल घालू नका, त्यात नखं अडकतात. पाण्यात चालताना पायांना चांगला ताण मिळतो, पण म्हणून घरट्यात फिरायची जागा कमी करून चालणार नाही.

एवढं थोडं पाणी लवकर गार होतं, सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गार पाण्यात पिल्लू सुस्तावतं, पीत नाही. टब घरट्यातल्या ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवणं हा उपाय नव्हे, तिथे ते तापून मरू शकतं. एक मोठा टब घ्या, त्यात ३८ अंशांचं पाणी भरा आणि हा टब त्यात बसवा. त्याने १५ ते ३० मिनिटं सहज निघतात. उथळ भांड्याला अशी सोय करता येत नाही.

पिल्लू बहुधा पाण्यातच शी करतं. पाणी घाण झालं की लगेच बदला, नाहीतर तेच पिईल. सोबत पांढरा पदार्थ निघतो तो युरेट, म्हणजे लघवीतला घट्ट भाग. टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. वाळूसारखा रवाळ असेल तर पाणी कमी पडतंय, आणि तसंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होण्याची भीती. एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर आंघोळीआधी आणि नंतर वजन करा. शी न करता वजन वाढलं असेल तर पिल्लू प्यायलंय. पाण्यात साबण किंवा जीवनसत्त्वं घालू नका. आजारी पिल्लाचं काय ते सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्यच ठरवेल.

आंघोळ पहिलं वर्षभर रोज, शक्यतो सकाळी, म्हणजे नंतर दिव्याखाली ऊब घ्यायला दिवस मिळतो.

हा टब पुन्हा स्वयंपाकघरात आणायचा नाही, सिंकमध्ये धुवायचाही नाही. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकण्यावर १९७५ पासून निर्बंध आहेत ते साल्मोनेला या कासवांपासून माणसांना होणाऱ्या जंतुसंसर्गामुळेच, शैक्षणिक वगैरे कामांना तेवढा अपवाद. घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना या टबापासून लांब ठेवा.

भारतातल्या वाचकांसाठी: आपल्याकडचं तारा कासव घरी पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात कुणाकडे सापडलं तर आंघोळीच्या खटपटीत न पडता वन विभागाला १९२६ वर कळवा.

पिल्लू १५ सेंटिमीटरच्या आसपास गेलं की हा टब अपुरा पडतो. मग हार्डवेअरच्या दुकानातला सिमेंट कालवायचा काळा टब घ्यावा.