डोरेमॉन: कपाटात झोपणारा यंत्रमित्र

‘डोरेमॉन’ ही जपानी ॲनिमेशन मालिका २००५ च्या सुमारास हंगामा वाहिनीवर हिंदीतून सुरू झाली. तेव्हापासून मराठी घरांत मुले ती आवडीने पाहतात आणि पालक तिच्याविषयी सतत कुरकुरतात. मालिकेतला शाळकरी मुलगा नोबिता आळशी आहे, रडका आहे, परीक्षेत शून्य मिळवतो आणि दांडगट जियानने मारले की धावत घरी येऊन डोरेमॉन या यंत्रबोक्याच्या पोटावरच्या खिशातून काहीतरी काढायला लावतो. यातून मुलांनी काय घ्यायचे, असा पालकांचा सवाल असतो. हा सवाल रास्त आहे, पण त्याचे उत्तर मालिकेच्या कथांमध्येच आहे. माणसाच्या सोबतीला यंत्र दाखवणाऱ्या ज्या मालिका मी पाहिल्या आहेत, त्यांत मैत्रीचा इतका प्रामाणिक विचार दुसऱ्या कोणत्याही मालिकेने केलेला नाही, असे माझे मत आहे.

पडद्यावरचा घरगुती यंत्रमानव बहुधा नोकर तरी असतो किंवा नवलाची वस्तू तरी. ‘द जेट्सन्स’ (१९६२) मधली रोझी ही भाड्याने आणलेली कामवाली होती. ‘स्मॉल वंडर’ (१९८५–८९) मधली व्हिकी आणि तिच्यावरून २००३ मध्ये स्टार प्लसवर आलेली करिश्मा या मुलीसारख्या दिसणाऱ्या यंत्रांभोवतीची सारी गंमत त्यांचे गुपित बाहेर फुटू न देण्यात होती. व्हिकीला घरातल्या जेमी या मुलाच्या खोलीतल्या कपाटात उभे करून ठेवत असत. डोरेमॉनही नोबिताच्या खोलीतल्या कपाटातच झोपतो. मात्र जपानी घरात दिवसा गाद्यांच्या घड्या ज्या कप्प्यात ठेवतात, तिथे तो स्वतःचे अंथरूण घालतो, आतून दार ओढून घेतो आणि नोबिताशी भांडण झाले की तिथेच फुरंगटून बसतो. कपाट दोन्हीकडे आहे. व्हिकीसाठी ती ठेवण्याची जागा आहे, तर डोरेमॉनसाठी ती राहण्याची जागा आहे. तो घरच्यांबरोबर जेवायला बसतो, आईची बोलणी खातो, गल्लीतल्या मांजरीच्या प्रेमात पडतो आणि यातले काहीही लपवून ठेवावे असे त्या घरात कोणालाच वाटत नाही.

शिवाय तो सदोष आहे. बाविसाव्या शतकातल्या कारखान्यातून बाहेर पडलेला हा नग पहिल्या प्रतीचा नाही, त्याचे कान यंत्रउंदराने कुरतडल्यामुळे गेले आहेत आणि उंदीर दिसला की त्याची पाचावर धारण बसते. घाईच्या वेळी तो खिशातून भलत्याच वस्तू बाहेर फेकत राहतो आणि नेमकी हवी ती वस्तू त्याला सापडत नाही. नोबिता जसा शाळेत मागे पडलेला, तसाच हा यंत्रांमध्ये मागे पडलेला आहे, म्हणूनच त्यांचे नाते मालक आणि चाकराचे होत नाही. पालकांच्या आक्षेपाचे अर्धे उत्तरही इथेच मिळते, कारण खिशातल्या उपकरणाने सुरुवातीला साधलेले काम नोबिताच्या हावेमुळे बहुतेक भागांत शेवटी त्याच्यावरच उलटते.

उरलेले अर्धे उत्तर समजण्यासाठी मूळ चित्रकथेकडे जावे लागते. फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा डिसेंबर १९६९ मध्ये शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांतून सुरू झाली. ही मासिके शाळेच्या इयत्तांप्रमाणे वेगवेगळी निघत. जपानमध्ये शाळेचे वर्ष मार्चमध्ये संपते. १९७४ च्या मार्चच्या, म्हणजे वर्षाअखेरच्या अंकात तिसरीच्या वाचकांसाठी डोरेमॉनच्या निरोपाची कथा छापली गेली. आपण गेल्यावर हा मुलगा कसा निभावेल या काळजीने डोरेमॉनचा पाय निघत नाही, हे नोबिताला कळते. त्या रात्री मैदानात जियानशी गाठ पडते, तेव्हा तो डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो आणि पुन्हा जियानला धरतो, इतका की शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. शोधत आलेल्या डोरेमॉनला सुजलेल्या तोंडाने तो सांगतो की मी एकट्याने जिंकलो, आता तू निश्चिंतपणे जा. डोरेमॉन त्याला घरी आणून निजवतो आणि अंथरुणाशी बसून राहतो. सकाळी खोलीत नोबिता एकटाच असतो. मित्राचे काम त्याच्यावाचून चालावे इथपर्यंत आणून सोडण्याचे आहे, हे तिसरीच्या मुलाला इतक्या कमी शब्दांत सांगणारी दुसरी कथा मला माहीत नाही.

रिउइची यागी आणि ताकाशी यामाझाकी यांनी दिग्दर्शित केलेल्या २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या त्रिमितीय चित्रपटात हीच कथा आहे. तंत्राच्या दृष्टीने तो देखणा आहे. पहिल्यांदा आकाशात झेप घेतल्यावर खाली पसरलेले शहर, डोरेमॉनच्या निळ्या अंगावर पडणारा दिव्याचा उजेड, नोबिताच्या खोलीतला पसारा हे सारे हाताने स्पर्श करावा असे वाटते. परंतु पटकथेने मूळ कल्पनेत घातलेली एक भर मला अजिबात पटलेली नाही. या चित्रपटात नोबिताचा भविष्यातला खापरपणतू सेवाशी डोरेमॉनमध्ये एक आज्ञावली बसवतो. नोबिता सुखी होईपर्यंत डोरेमॉनला परत जाता येणार नाही, त्याने तसे म्हटले तर त्याला विजेचा झटका बसेल आणि काम फत्ते झाले की ४८ तासांत त्याला परतावेच लागेल, अशी ती व्यवस्था आहे. कथानक पुढे रेटण्यासाठी ही युक्ती सोयीची असेल, पण तिच्यामुळे मैत्रीला सक्तीच्या नेमणुकीचे रूप येते. मूळ कथेत डोरेमॉन राहतो तो त्याला राहावेसे वाटते म्हणून आणि निघतो तेव्हाही काळीज तुटत असताना निघतो; विजेच्या झटक्याने बांधलेल्या यंत्राच्या माया करण्याला तेवढी किंमत कशी देणार? चित्रपटाच्या उत्तरार्धात हे बंधन हळूहळू प्रेमात बदललेले दाखवले आहे हे खरे, पण जी गाठ मुळात नव्हती ती आधी मारून मग सोडवण्यात कथेचा वेळ गेला आहे.

पुनर्भेटीचा प्रसंग मात्र चित्रपटाने राखला आहे. एप्रिल फूलच्या दिवशी डोरेमॉन परत आल्याची थाप जियान मारतो आणि नोबिता धावत सुटतो. फसवणूक कळल्यावर तो एक औषध पितो, ज्याने बोललेले सारे उलटे होते. सूड उगवून झाल्यावर घरी येऊन तो हताशपणे म्हणतो की डोरेमॉन आता कधीच येणार नाही, आणि डोरेमॉन समोर उभा असतो. औषधाचा अंमल उतरलेला नसल्यामुळे आनंदही त्याला उलट्या शब्दांतच सांगावा लागतो: मला मुळीच आनंद झालेला नाही, तुझ्याबरोबर मला कधीही राहायचे नाही. ज्या मुलाला सरळ बोलतानाही रडू येते, त्याच्या तोंडी लेखकाने अशी वाक्ये द्यावीत, याला मी कथाकथनातले असामान्य कसब म्हणेन.

मालिकेत दोष आहेत. जुन्या भागांत नोबिताची मैत्रीण शिझुका न्हाणीघरात असताना नोबिता तिथे जाऊन पोहोचण्याचा प्रसंग वारंवार येतो. तो विनोद म्हणून मांडला आहे, पण त्यात मुलीच्या संकोचाची थट्टा आहे, तेव्हा असा भाग लागल्यास पालकांनी मुलांशी त्याविषयी स्पष्ट बोलावे. रोजच्या भागांत तेच तेपणाही बराच आहे. हिंदी आवृत्तीत सोनल कौशल यांचा आवाज चपळ आणि लाघवी आहे. १९७९ पासून २००५ पर्यंत जपानी डोरेमॉनला आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा यांच्या खरबरीत, वडीलधाऱ्या स्वरातली माया वेगळीच आहे, म्हणून एखादा भाग तरी मूळ जपानीतून ऐकावा.

सात-आठ वर्षांच्या मुलांना रोज एक-दोन भाग दाखवायला माझी हरकत नाही. चित्रपट नऊ-दहा वर्षांनंतर दाखवावा आणि शक्य असल्यास त्याआधी निरोपाची व परतीची मूळ चित्रकथा हातात द्यावी. त्या दोन्ही कथा वाचायला अर्धा तासही लागत नाही.