सोसायटीच्या सदस्यत्वाचे काम पाहणारे सल्लागार कार्यालय: आमचा अनुभव

ठाण्यात आम्ही पुनर्विक्रीची सदनिका घेतली, दस्त नोंदला, ताबाही मिळाला. पण हस्तांतरणाचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा सोसायटीच्या सचिवांनी आडनाव वाचून तो बाजूला सरकवला आणि घरी मांसाहार होतो का, असे विचारले. ‘आमच्या इमारतीत सगळी एका रीतीची माणसे आहेत,’ एवढेच कारण त्यांनी तोंडी सांगितले. त्या संध्याकाळी माझ्या पत्नीने भांड्यांची खोकी उघडलीच नाहीत.

परिचितांनी सुचवल्यावरून आम्ही नौपाड्यातील या कार्यालयात गेलो. तेथील सल्लागारांनी आमच्या विरोधात जाऊ शकेल अशी बाजू आधी सांगितली, आणि तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारा अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीचा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरवला, आणि खासगी घरांच्या व्यवहारातील भेदभावाला सरसकट मनाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. नव्याने शहरात आलेल्या ज्ञातिबांधवांना निवारा मिळावा म्हणून उभ्या राहिलेल्या जुन्या वसाहतींमागची गरज मला समजते. परंतु उपविधीत कोठेही न लिहिलेली अट दारात उभे करून सांगणे मला अन्यायाचेच वाटते.

म्हणून त्यांनी सर्वप्रथम सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयातून सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मिळवली. त्यात धर्म, जात किंवा आहार यांविषयी एक अक्षरही नव्हते. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, निर्णय तीन महिन्यांत कळवावा लागतो आणि तो न कळवल्यास अर्जदार मानीव सदस्य ठरतो, म्हणजे त्याला सदस्यत्व मिळाले असे मानले जाते, ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील तरतूद त्यांनी आम्हाला वाचून दाखवली. ‘मुदत अर्ज पोचल्यापासून मोजतात, म्हणून पोच सोडू नका,’ हे त्यांनी तीनदा बजावले. सचिवांनी शिक्का देण्यास नकार दिला, तेव्हा तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवला. पुढे ती पावतीच आमच्या कामी आली.

मध्यंतरी समितीने ‘विकास निधी’ म्हणून एक लाख रुपये मागितले. हस्तांतरण शुल्क 500 रुपये आणि महापालिका क्षेत्रातील अधिमूल्याची (हस्तांतरणावेळी सोसायटी घेते त्या प्रीमियमची) कमाल मर्यादा 25,000 रुपये असल्याचे कार्यालयाने लेखी कळवताच ती मागणी मागे पडली. अर्ज पोचल्याच्या 81व्या दिवशी ठराव झाला, आणि आता भागपत्राच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागील बाजूस, आधीच्या मालकांच्या नावाखाली, निळ्या शाईत आमची दोघांची नावे आहेत.

उणिवाही सांगायला हव्यात. दूरध्वनी बहुधा उचलला जात नाही, शुल्काची पावती मागावी लागते, आणि पत्राचा पहिला मसुदा इतका कठोर होता की ज्यांच्या शेजारी राहायचे त्यांना तो पाठवणे आम्हाला प्रशस्त वाटले नाही; सांगितल्यावर मात्र त्यांनी तो कुरकूर न करता बदलला. तरीही अशाच अडचणीत असलेल्या कोणालाही मी येथेच जाण्यास सांगेन. जाताना नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक 2 (दस्तनोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’) आणि भागपत्र यांच्या प्रती सोबत न्याव्यात, म्हणजे दुसरी फेरी वाचते.