पाणचाकाची ‘दोन एचपी’ आणि माझे नव्वद हजार

बालाघाटच्या डोंगरात, बीड जिल्ह्यात आमचं शेत आहे. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच. अंधारात पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. म्हणून ओढ्यावरच्या बंधाऱ्याखाली पाण्याचं चाक बसवून देतो, त्यावर जनित्र फिरवून दोन एचपीची मोटर दिवसा चालेल, असं एक जण म्हणाला तेव्हा मी लगेच ऐकलं. “संभाजीनगरची पाणचक्की बघितली ना भाऊ, तेच हे.” एक लाख चाळीस हजार ठरले. त्यातले नव्वद हजार मी आधीच मोजले.

भादव्यात चाक बसलं. लोखंडी, दोन मीटर व्यासाचं, देखणं. गावातली दहा-बारा माणसं बघायला आली होती. त्यानं चाकाच्या कडेला दोर गुंडाळला, दुसरं टोक ताणकाट्याला बांधलं आणि काटा खांबाला अडकवला. पाणी सोडलं. चाक दोरानं अडून राहिलं, काट्यावर ६० किलो दिसले. मग दोर सोडला. मोकळं चाक मिनिटाला २४ फेरे फिरलं. त्यानं दोन्ही आकड्यांचा मोबाइलवर हिशेब केला आणि सगळ्यांना दाखवला: १४८० वॅट, म्हणजे दोन एचपी. काटा खरा होता, फेरे मी स्वतः मोजले होते. मला शंका घ्यायला जागाच दिसली नाही.

मोटर मात्र चालू झाली नाही, नुसती गुरगुरायची. “पट्टे नवे आहेत, बसू द्या,” म्हणाला. नंतर फोन उचलणं कमी झालं.

दिवाळीला पुतणी आली. ती डिप्लोमाला आहे. तिनं चाकाला हातच लावला नाही, आधी पाणी मोजलं. “काका, सेकंदाला किती लिटर येतं, ते किती मीटर खाली पडतं, आणि त्या गुणाकाराला ९.८१ नं गुणायचं. पाण्यात तेवढेच वॅट असतात. चाक कुणीही बनवलं तरी त्यापेक्षा जास्त निघत नाही.” चाकाकडं येणाऱ्या चारीत फळी लावून पातळी भादव्याइतकीच ठेवली. चारीत लिंबू सोडलं, १० मीटर जायला २० सेकंद लागले. रुंदी ६० सेंटिमीटर, खोली २५. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८ नं गुणलं. आले सेकंदाला ६० लिटर. पडण्याची उंची पाण्याच्या नळीनं काढली, ९० सेंटिमीटर. गुणाकार ५३० वॅट.

पाण्यात ५३० आणि चाकातून १४८०! माझ्या पोटात गोळा आला.

फसवणूक त्या दोरातच होती. अडवलेलं चाक ६० किलोनं ओढतं, कारण त्याच्या पात्यांमागं पाणी तुंबून राहतं. पण ते फिरत नाही, म्हणून काम शून्य. मोकळं चाक २४ फेरे फिरतं, पण काहीच ओढत नाही, तेही शून्य. त्यानं एका वेळचं वजन आणि दुसऱ्या वेळचे फेरे एकत्र गुणले. दोन्ही एकाच वेळी, चाक ओझं ओढत फिरत असताना मोजायचे असतात. आम्ही कडेवर पट्टा दाबून तसं मोजलं: १० फेरे, २५ किलो. सुमारे २५७ वॅट, म्हणजे पाण्याच्या ताकदीच्या ४८ टक्के. खरं सांगायचं तर कमी उंचीच्या चाकाला हे वाईट नाही. जॉन स्मीटननं १७५९ सालीच प्रयोग करून दाखवलं होतं, की वरून पाणी भरणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम देतं. पाणचक्कीलाही झऱ्याचं पाणी नळांतून आणून उंचावरून सोडलेलं आहे. आमच्याकडं ती उंचीच नाही.

शिवाय चाकाचे १० फेरे आणि जनित्राला हवेत १५००. दीडशेपट वाढवताना साखळ्या, पट्टे, जनित्र आपापला वाटा खातात. हाती आले दीडशे वॅट. आणि पौषात ओढा आटला; हिशेबात त्यानं बारा महिने धरले होते.

उरलेले पन्नास हजार मी दिले नाहीत. गेल्या महिन्यात किनवटकडून एका शेतकऱ्याचा फोन आला. माझ्याच चाकाचा व्हिडिओ त्याला दाखवला होता, त्यात मागं माझी पाटी दिसली, त्यावरून नंबर काढला. मी विचारलं, लिटर किती, उंची किती? चाळीस लिटर, सव्वा मीटर. फोनवरच गुणाकार केला, ४९० वॅट. त्याला तीन एचपी सांगितले होते.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “परवाच इसार दिलाय हो.”