सोनेरी फुलपाखरं घेताना सांभाळा

न्यूयॉर्कच्या किनी ब्रदर्स या तंबाखू कंपनीने १८८८ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून जगभरच्या फुलपाखरांची कार्डं वाटली. पाकीट मऊ, म्हणून आत ताठ पुठ्ठा. पुठ्ठ्यावर चित्र, आणि पन्नासांचा संच पुरा व्हावा म्हणून गिऱ्हाईक पुन्हा तीच सिगारेट घेणार. त्यातली काही कार्डं सोनेरी पार्श्वभूमीची. न्यू जर्सीतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात माझ्या गळ्यात मारली ती हीच, आणि निम्म्याहून जास्त बनावट.

विक्रेता मोठा सोशिक. अल्बमचं पहिलं पान त्यानेच पुढे केलं, भिंगही त्यानेच दिलं. त्या पानावरची कार्डं अस्सल होती. पुढची सगळी प्लॅस्टिकमध्ये चिकटपट्टीने बंद. "उघडलं की किंमत उतरते," म्हणाला. भाव कोपऱ्यांच्या धडधाकटपणावर ठरतो, त्यामुळे हे पटतंही. सापळा नेमका तिथेच होता.

घरी प्लॅस्टिक कापून कार्ड तिरपं धरलं. खऱ्या सोनेरी शाईत धातूची पूड असते, कार्ड हलवलं की चमक सरकते. इथे नुसता मोहरीच्या चटणीसारखा रंग, जागचा हलेना. भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके अगदी शिस्तीत. म्हणजे आजची ऑफसेट छपाई. मूळ कार्डं शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. त्यात दर रंगाला वेगळा दगड, आणि ठिपके कारागिराच्या हातचे, लहानमोठे. मळवलीच्या छापखान्यातली रविवर्म्याची चित्रं ज्यांनी भिंगातून पाहिलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. चहाचे डागही चारही कडांना अगदी सारखे! शंभर वर्षं कुणाच्या पेटीत पडलेला पुठ्ठा इतक्या टापटिपीने मळत नाही.

अतिनील टॉर्चखाली तर ती निळसर पांढरी लखलखली. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती द्रव्यं दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास आली. १८८८ च्या पुठ्ठ्यात ती कुठून असणार? मात्र टॉर्चखाली चमकलं नाही म्हणजे खरंच, असं समजू नका. जुन्या कोऱ्या कागदावरही नक्कल छापता येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक यांनी दिलेला कार्डांचा प्रचंड संग्रह आहे. त्यातली चित्रं इंटरनेटवर फुकट दिसतात, त्यांच्याशी ताडून पाहा.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर 'जुनी कार्डं, आहेत तशी' एवढंच होतं, आणि व्यवहार रोखीचा. कंपनीचं नाव, साल आणि 'मूळ छपाई' असं पावतीवर लिहून मागा. विक्रेता कां कू करायला लागला तर अल्बम मिटून पुढच्या टेबलाकडे चला.